जुन्या जलस्कूटरच्या इंजिनातील बिघाड : निदानाचा क्रम व त्यामागील कारणमीमांसा

सारांश : सागरी पर्यटनात वापरल्या जाणाऱ्या जुन्या, दोन-स्ट्रोक इंजिनाच्या जलस्कूटरमध्ये वारंवार उद्भवणाऱ्या बिघाडांचे निदान कोणत्या क्रमाने करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. या यंत्रात बिघाडाचे लक्षण एका ठिकाणी दिसते आणि कारण बहुधा दुसऱ्या ठिकाणी असते. त्यामुळे सुटा भाग बदलण्यापूर्वी कारण शोधणे अनिवार्य ठरते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : जलस्कूटर, दोन-स्ट्रोक इंजिन, कार्ब्युरेटर, कॉम्प्रेशन, विरल मिश्रण, निदान.

१. प्रस्तावना

अलिबाग, गणपतीपुळे, तारकर्ली, मालवण आणि गोव्यातील कळंगुट-बागा येथील किनाऱ्यांवर पर्यटकांना जलस्कूटरची फेरी आता अपरिचित राहिलेली नाही. बोलीभाषेत या वाहनाला सरसकट ‘जेट स्की’ म्हटले जाते. वस्तुतः ते कावासाकी कंपनीचे व्यापारनाम आहे. क्लेटन जेकबसन (दुसरे) यांच्या कल्पनेवर आधारित ‘सी-डू’ हे वाहन बोंबार्डिये कंपनीने १९६८ मध्ये बाजारात आणले. परंतु ते फार काळ टिकले नाही. १९७३ मध्ये कावासाकीने उभ्याने चालवण्याचे वाहन आणले, तेव्हा या वाहनप्रकाराला खरी लोकप्रियता लाभली. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात यामाहाचे बसून चालवण्याचे ‘वेव्हरनर’ आले आणि १९८८ मध्ये ‘सी-डू’ नव्या रूपात परतली. २००२ च्या सुमारास चार-स्ट्रोक इंजिने येईपर्यंत ही वाहने जवळजवळ सर्वस्वी दोन-स्ट्रोक इंजिनांवर चालत असत. या लेखात ‘जुनी जलस्कूटर’ ही संज्ञा त्या पिढीतील, कार्ब्युरेटर असलेल्या यंत्रांसाठी योजली आहे.

जलस्कूटरचे इंजिन बंद पडणे ही केवळ गैरसोय नसते. या वाहनाला सुकाणू नसते. पंपातून मागे फेकल्या जाणाऱ्या पाण्याच्या झोताची दिशा बदलूनच ते वळते. झोत थांबला की हँडल कितीही फिरवले तरी वाहन ज्या दिशेने जात असते त्याच दिशेने घसरत राहते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ मध्ये या वाहनांच्या सुरक्षिततेविषयी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही या उणिवेकडे लक्ष वेधले होते. भर वेगात इंजिन बंद पडणे म्हणजे त्याच क्षणी दिशानियंत्रणही गमावणे होय. म्हणून या इंजिनातील बिघाडाचे अचूक निदान हा दुरुस्तीखर्चाबरोबरच स्वाराच्या आणि आसपास पोहणाऱ्यांच्या जिवाचाही प्रश्न आहे.

२. यंत्राची रचना व तिचे वेगळेपण

दोन-स्ट्रोक इंजिनात स्वतंत्र वंगणव्यवस्था नसते. हवा, पेट्रोल आणि ऑइल यांचे मिश्रण प्रथम क्रँककेसमध्ये येते, तेथील बेअरिंगांना वंगण पुरवते आणि मग सिलिंडरमध्ये जाऊन जळते. म्हणजेच पेट्रोलचा पुरवठा कमी झाला की वंगणही कमी होते आणि मिश्रणातील पेट्रोलमुळे पिस्टनला मिळणारा थंडावाही घटतो. मोटारसायकलचे इंजिन पेट्रोल कमी पडल्यास बहुधा बंद पडते. जलस्कूटरचे इंजिन मात्र सतत मोठ्या भाराखाली, जवळपास पूर्ण थ्रॉटलवर फिरत असल्याने त्याच परिस्थितीत पिस्टन वितळण्यापर्यंत मजल जाते.

दुसरे वेगळेपण थंडाव्याचे आहे. जुन्या जलस्कूटरमध्ये रेडिएटर नसतो. पंपाच्या दाबाखालील पाण्याचा काही अंश नळीने इंजिनाकडे नेला जातो, तो सिलिंडर, हेड व एक्झॉस्ट यांना थंड करतो आणि पुन्हा समुद्रात सोडला जातो. या पाण्यासोबत वाळू, क्षार व शेवाळ आत येणे ओघानेच होते. तिसरे वेगळेपण असे की, सर्व यंत्रणा बंद कवचात असते. तेथे साचलेली पेट्रोलची वाफ सहजासहजी बाहेर पडत नाही.

३. निदानापूर्वीची दक्षता

पेट्रोल भरल्यावर किंवा वाहन बराच काळ उभे राहिल्यावर प्रथम आसन काढून कवचात हवा खेळू द्यावी आणि वास घ्यावा. पेट्रोलचा वास येत असल्यास गळती सापडेपर्यंत स्टार्टरचे बटण दाबू नये. कार्ब्युरेटरवरील ज्वालारोधक जाळी काढून इंजिन चालवू नये. बंदिस्त शेडमध्ये इंजिन चालवल्यास कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो.

किनाऱ्यावर इंजिन चालवून पाहताना त्याला बाहेरून पाणी द्यावे लागते. त्याचा क्रम कटाक्षाने पाळावा लागतो : आधी इंजिन सुरू करावे, मग नळ उघडावा, थांबवताना आधी नळ बंद करावा, मग इंजिन. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला तर एक्झॉस्टमधून पाणी बाहेर ढकलणारा वायूचा दाब नसतो. मग ते पाणी मागे फिरून सिलिंडरमध्ये शिरते. पाण्याशिवाय इंजिन काही सेकंदांपेक्षा अधिक चालवू नये.

४. इंजिन फिरतच नसल्यास

बटण दाबूनही इंजिन फिरत नसेल, तर प्रथम सुरक्षा-दोरी पाहावी. स्वार पाण्यात पडल्यास इंजिन बंद करणारी ही दोरी नीट बसलेली नसेल, तर विद्युतमंडल पूर्ण होत नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या अनेक सी-डू वाहनांत या दोरीच्या टोपीत सांकेतिक कळ असते. वाहनाने ती ओळखल्यास दोन आखूड ध्वनी ऐकू येतात. ते ऐकू न आल्यास दोष इंजिनाबाहेर आहे, एवढे निश्चित होते.

त्यानंतर बॅटरी तपासावी. पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. बटण दाबताना तो साधारण ९.५ व्होल्टच्या खाली जात असेल, तर बॅटरी किंवा तिच्या जोडण्या सदोष समजाव्यात. खाऱ्या हवेत जोडण्यांवर चढलेला हिरवट थर हे नित्याचे कारण आहे. केवळ ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर रिले, जोडणी वा स्टार्टर मोटर यांपैकी एकाचा दोष संभवतो. मात्र येथे आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी लागते. सिलिंडरमध्ये पाणी भरले असल्यासही इंजिन अडते, कारण पाणी दाबले जात नाही. अशा वेळी नवी बॅटरी जोडून जोर लावल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून अडलेले इंजिन बळाने फिरवण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून पाहावेत.

५. इंजिन फिरते, परंतु सुरू होत नसल्यास

या अवस्थेत कॉम्प्रेशन, ठिणगी आणि इंधन या तीन गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात. कॉम्प्रेशन प्रथम तपासण्याचे कारण साधे आहे : सिलिंडरच सदोष असेल तर कार्ब्युरेटर व वायरिंगवर खर्च केलेला वेळ वाया जातो.

सर्व प्लग काढून, त्यांच्या वायरी इंजिनाच्या धातूला जोडून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून दाबमापकाचा काटा स्थिर होईपर्यंत इंजिन फिरवावे. अनेक निरोगी इंजिनांत हा आकडा १२० ते १६० पीएसआयच्या दरम्यान असतो. नेमका आकडा त्या त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेला असतो. दोन मापकांचे वाचन सारखे नसते, म्हणून सिलिंडरांमधील फरकाला एकट्या आकड्याहून अधिक महत्त्व द्यावे. एका सिलिंडरचा दाब दुसऱ्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी असल्यास रिंग, पिस्टन वा हेड गॅस्केट यांकडे लक्ष वळवावे.

ठिणगी तपासताना प्लगची वायर मोकळी लोंबकळत ठेवून इंजिन फिरवू नये. त्यामुळे प्रज्वलन-यंत्रणेचे इलेक्ट्रॉनिक घटक निकामी होऊ शकतात आणि कवचातील वाफ पेटण्याचाही धोका असतो. ठिणगी मुळीच नसेल तर बंद करण्याचे बटण आणि सुरक्षा-दोरीची वायर आधी तपासावी. एकाच सिलिंडरला ठिणगी नसेल तर प्लग, त्याची टोपी आणि वायर यांची दुसऱ्या सिलिंडरशी अदलाबदल करून पाहावी. दोष सुट्या भागाबरोबर सरकला तर तो भाग दोषी ठरतो. ही चाचणी विनाखर्चाची असूनही अत्यंत निर्णायक आहे.

इंधनाची परीक्षा प्लग पाहून सुरू होते. बराच वेळ इंजिन फिरवूनही प्लग कोरडा असेल, तर इंधन पोहोचत नाही. ओला असेल, तर इंधन येते पण जळत नाही. ज्वालारोधक तात्पुरता काढून कार्ब्युरेटरच्या मुखात ऑइलमिश्रित पेट्रोलचे काही थेंब टाकावेत आणि ज्वालारोधक परत बसवून, कवच हवेशीर असल्याची खात्री करून बटण दाबावे. इंजिन क्षणभर सुरू होऊन बंद पडल्यास ठिणगी व कॉम्प्रेशन पुरेसे असून दोष इंधनपुरवठ्यात आहे, असा निष्कर्ष काढता येतो.

६. सुरू होऊन बंद पडणे किंवा ताकद न घेणे

जुन्या जलस्कूटरच्या तक्रारींपैकी मोठा भाग या वर्गात मोडतो. इंजिन दहा-पंधरा मिनिटे नीट चालते, मग धाप लागल्यासारखे होऊन बंद पडते. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. येथे टाकीचे झाकण उघडून पाहावे. हवा आत ओढली गेल्याचा ‘फुस्स’ आवाज झाल्यास टाकीत हवा घेणारी नळी किंवा तिच्यावरील झडप तुंबलेली असते. पेट्रोल बाहेर जाते, त्याची जागा घ्यायला हवा येत नाही आणि टाकीत निर्वात निर्माण होतो. इंजिन खोलण्याची आवश्यकता येथे मुळीच नसते.

दुसरी सोपी चाचणी इंधनाच्या तोटीची. ‘ऑन’वर अडखळणारे इंजिन ‘रिझर्व्ह’वर नीट चालत असेल, तर मुख्य मार्गाची जाळी वा तोटीच तुंबलेली असते. इंधनाच्या जुन्या नळ्या हेही एक ज्ञात कारण आहे. १९९० च्या दशकातील काही सी-डू वाहनांतील करड्या नळ्या कालांतराने आतून विरघळत जातात आणि त्यांचा हिरवट चिकट गाळ कार्ब्युरेटरच्या आतील बारीक जाळीवर साचतो. बाहेरून नळी धडधाकट दिसते. अशा यंत्रात नळ्या न बदलता केवळ कार्ब्युरेटर साफ केल्यास काही दिवसांतच तक्रार परत येते.

कार्ब्युरेटरचाही थोडा परिचय येथे आवश्यक आहे. या वाहनांत बहुधा मिकुनी अथवा केहिन यांचे डायफ्रॅम-कार्ब्युरेटर असतात. वाहन उलटले तरी इंधन सांडू नये म्हणून त्यांत तरंगता फ्लोट नसून लवचीक पडदा असतो. मिकुनीच्या प्रचलित प्रकारात इंधनपंपही कार्ब्युरेटरमध्येच असतो आणि तो क्रँककेसमधील दाबाच्या स्पंदनांवर चालतो. ही स्पंदने नेणारी लहान नळी चिरली तर पंप मंदावतो. पडदा कडक झाला तरी तोच परिणाम दिसतो.

भारतात २०२२ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण सरासरी १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. ही जुनी यंत्रे अशा इंधनासाठी घडवलेली नाहीत. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते वा कडक करते आणि हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा मर्यादेपलीकडे गेला की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर तयार होतो. इंधन नेमके तेथूनच उचलले जाते. या थरात ऑइल मिसळत नाही, हे अधिक घातक होय. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने तेच जेट ठेवूनही मिश्रण काहीसे विरल होते.

७. विरल मिश्रण व इंजिन जाम होणे

इंधन कमी व हवा अधिक असलेल्या मिश्रणाला विरल मिश्रण म्हणतात. थ्रॉटल उघडताच इंजिन दबते, अशी तक्रार असल्यास चोक किंचित ओढून पाहावा. इंजिन सुधारले तर मिश्रण विरल आहे, अधिक बिघडले तर दाट आहे. प्लगचा रंगही साक्ष देतो : फिकट तपकिरी रंग योग्य ज्वलनाचा, काळा व ओलसर दाट मिश्रणाचा, पांढुरका विरल मिश्रणाचा निदर्शक असतो. विरल मिश्रणाचे लक्षण दिसताच वाहन पूर्ण वेगाने ‘चालवून पाहणे’ थांबवावे. इंजिन वाचवण्याची ती अखेरची संधी असते.

इंजिन जाम झाल्यावर नवा पिस्टन बसवून वाहन पुन्हा पाण्यात उतरवण्याची घाई पर्यटनाच्या हंगामात स्वाभाविक असते. तथापि जळालेला पिस्टन हा परिणाम आहे, कारण नव्हे. तुंबलेली जाळी, चिरलेली स्पंदननळी, ऑइलपंपाची चुकीची जुळणी किंवा क्रँकच्या सीलमधून आत शिरणारी हवा यांपैकी कारण तसेच राहिल्यास नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो. म्हणून जुळणीनंतर क्रँककेसची सर्व द्वारे बंद करून सुमारे ६ ते ८ पीएसआय दाब द्यावा आणि तो काही मिनिटे टिकतो का, हे पाहावे. दाब उतरल्यास साबणाच्या पाण्याचे बुडबुडे गळतीची जागा दाखवतात.

ऑइलपंपावर विश्वास नसल्याने अनेक जण तो काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. ५० ला १ या प्रमाणात एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल लागते. परंतु चक्री झडप असलेल्या जुन्या रोटॅक्स इंजिनांत त्या झडपेच्या दंडाला ऑइलच्या टाकीतूनच स्वतंत्र वंगण मिळते. पंपाबरोबर ती टाकीही काढली, तर दंडावरील दातेरी चाक झिजून इंजिन नष्ट होते.

८. पाण्याशी निगडित बिघाड

बहुतेक वाहनांत थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार बाहेर पडताना दिसते. ती क्षीण झाल्यास किंवा तापमानाचा इशारा वाजल्यास मार्गातील वाळू व क्षार काढावेत. उथळ पाण्यात इंजिन सुरू करणे हे वाळू शिरण्याचे प्रमुख कारण असून किमान ९० सेंटिमीटर खोली असावी, असे सामान्यतः सुचवले जाते.

उलटलेले वाहन कवचावर दर्शवलेल्या दिशेनेच सरळ करावे. विरुद्ध दिशेने फिरवल्यास एक्झॉस्टमधील पाणी इंजिनात उतरते. पाणी शिरलेच, तर प्लग काढून, त्यांच्या वायरी धातूला जोडून, इंजिन फिरवून पाणी बाहेर काढावे, सिलिंडरमध्ये ऑइल सोडावे आणि त्याच दिवशी इंजिन चालवून कोरडे करावे. खाऱ्या पाण्याने क्रँकच्या बेअरिंगांवर गंज चढण्यास काही तास पुरतात. ‘उद्या पाहू’ या विलंबाची किंमत बहुधा संपूर्ण क्रँकशाफ्ट बदलून मोजावी लागते.

९. दोष इंजिनाचा की पंपाचा?

वेग कमी झाल्याची प्रत्येक तक्रार इंजिनाची नसते. इंजिनाचे फेरे वाढतात पण वाहन पुढे सरकत नाही, असे असल्यास इम्पेलर, त्याभोवतीचे झिजलेले कडे किंवा पंपात हवा शिरू देणारी सील तपासावी. फेरे व वेग दोन्ही कमी असतील, तर इंजिनाचा दोष संभवतो. तथापि कोकणच्या किनाऱ्यावर जाळ्यांचे तुकडे, नायलॉनची दोरी वा प्लॅस्टिक दंडाभोवती गुंडाळले जाऊनही फेरे घटतात, म्हणून पंपाचे मुख आधी पाहावे. त्यात हात घालण्यापूर्वी इंजिन बंद करून सुरक्षा-दोरी काढून घेणे अत्यावश्यक आहे.

१०. पावसाळ्यातील निगा

पावसाळ्यात कोकणातील जलक्रीडा बंद असतात आणि यंत्रे सुमारे तीन महिने उभी राहतात. हंगामाच्या आरंभी उद्भवणाऱ्या अनेक तक्रारींचे मूळ या मुक्कामात असते. वाहन ठेवण्यापूर्वी शीतलमार्ग गोड्या पाण्याने धुवावा, टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत, सिलिंडरमध्ये ऑइल सोडून इंजिन हाताने फिरवावे, बॅटरी काढून अधूनमधून भारित करावी आणि आसन किंचित उघडे ठेवावे. उंदरांनी एक्झॉस्टमध्ये घरटे केले नाही ना, हे पुन्हा सुरू करण्यापूर्वी पाहावे.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष संभवतात.

(अ) निदानाचा क्रम विनाखर्चाच्या, निर्धोक व पूर्ववत करता येणाऱ्या चाचण्यांकडून इंजिन खोलण्याकडे जाणारा असावा.

(आ) प्रत्येक चाचणीने एक शक्यता निश्चितपणे वगळली गेली पाहिजे. एकाच वेळी तीन भाग बदलल्यास वाहन कदाचित चालू होईल. पण दोष कोणता होता हे कळत नाही आणि तो परत आल्यास पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते.

(इ) या इंजिनात इंधन, वंगण व थंडावा परस्परांत गुंतलेले असल्याने एकातील लहान उणीव दुसऱ्यात मोठा नाश घडवते. म्हणून मोडलेला भाग हा तपासाचा शेवट नसून आरंभ मानावा.

(ई) कारण निश्चित न झालेले वाहन प्रवाशाला भाड्याने देऊ नये. रस्त्यावर बंद पडलेली मोटार कडेला ढकलता येते. गर्दीच्या किनाऱ्याकडे वेगाने येत असताना बंद पडलेली जलस्कूटर मात्र वळत नाही. त्यामुळे दुरुस्तीनंतरची चाचणी पोहणाऱ्यांपासून व प्रवासी बोटींपासून दूर, मोकळ्या पाण्यातच घेतली गेली पाहिजे.